करवंदाची ‘कोकण बोल्ड’ जात : परसासाठी आणि बांधासाठी



बेण्याची निवड, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त हे विषय आपण या पानांवर नेहमी वाचता. या खेपेला उसाच्या सरीतून जरा बांधावर येऊ. गेली काही वर्षे आमच्याकडे एक विचारणा वरचेवर होते. आपल्यापैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी मुंबईला आहे. कोणाचा भाऊ परळला, कोणाचा मेहुणा लालबागला, कोणाची लेक दादरला किंवा गिरगावात दिलेली. ही मंडळी सुटीत गावी आली की म्हणतात, “मुंबईत ‘ब्लॅक करंट’ नावाचं आइस्क्रीम मिळतं, सरबत मिळतं. त्या फळाचं झाड आपल्या परसात का लावत नाही? रोप कुठं मिळतं?”

याचे थोडक्यात उत्तर असे की, ते झाड आपल्याकडे फळणार नाही, त्यावर पैसा घालवू नये. मात्र आपल्याच डोंगरात त्याच्या तोडीचे काळे, आंबटगोड, झुडपावर येणारे फळ आहे. ते म्हणजे करवंद. त्याची निवड पद्धतीने काढलेली ‘कोकण बोल्ड’ नावाची जातही उपलब्ध आहे. ही जात कशी आहे, कोणी लावावी, कोणी लावू नये आणि मुंबईच्या बाजाराचा भरवसा किती धरावा, याचा विचार या लेखात केला आहे.

१. नावाचा घोळ

‘करंट’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली वस्तू म्हणजे खरे ब्लॅक करंट. हे युरोपातल्या थंड मुलखातले झुडूप आहे. फळ वाटाण्याएवढे, काळे आणि घोसाने येणारे. त्यात ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असते, संत्र्याच्या तिपटीहून अधिक. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला बाहेरून संत्री येईनाशी झाली, तेव्हा तिथल्या सरकारने लहान मुलांना याच फळाचे सरबत वाटले होते. पण या झाडाला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी लागते. ती मिळाली नाही तर वसंतात डोळे नीट फुटत नाहीत, फूल येत नाही. आपल्या देशावरच्या चार दिवसांच्या कडाक्याने त्याचे भागत नाही, मग मुंबईच्या दमट हवेची गोष्टच नको.

दुसरी वस्तू म्हणजे वाळवलेली बारीक काळी द्राक्षे. ग्रीस देशातल्या कॉरिंथ शहरावरून त्यांना ‘करंट’ नाव पडले. ती द्राक्षेच आहेत, काळ्या मनुकांची धाकटी बहीण म्हणा.

तिसरी वस्तू म्हणजे आपले करवंद. इंग्रजांनी याला ‘बेंगॉल करंट’ म्हटले. त्याचा वरील दोघांशी काडीचा संबंध नाही. कुळ पाहिले तर ते कण्हेरीच्या कुळातले आहे.

तेव्हा कोणी ‘ब्लॅक करंटचे रोप’ म्हणून काही विकू लागला तर आधी पान तोडून पाहावे. पांढरा चीक निघाला आणि फांदीवर जोडीने ताठ काटे असले, तर बहुधा ते करवंदच आहे आणि त्याला करवंदाचाच भाव द्यावा. इंग्रजी नावाचे जादा पैसे मोजू नयेत.

२. करवंदाची जुनी ओळख

करवंद हे कोणी नव्याने शोधून काढलेले फळ नव्हे. सोळाव्या शतकात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. मुंबईचे बेट त्याच वेळी त्याच्याकडे खंडाने होते. आज फोर्टात जिथे नौदलाचे ‘आंग्रे’ ठाणे आहे, त्या जागी त्याचा वाडा होता. त्याने हिंदुस्थानातील औषधी व फळांवर लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात वेलदोड्याच्या जोडीने करवंदावरही एक संवाद आहे. पुढे १७६७ साली लिनियस या शास्त्रज्ञाने झाडाला जे शास्त्रीय नाव दिले, त्यातला ‘कॅरंडास’ हा शब्दही आपल्या देशी नावावरूनच गेलेला आहे. सारांश, ज्या फळाला आपण रानचा मेवा म्हणून बाजूला ठेवतो, त्याची दखल मुंबई हे शहर होण्याआधीच घेतली गेली होती.

३. मुंबईच्या बाजारात करवंद कसे येते

मे महिन्यात दादर स्टेशनाबाहेर उभे राहिले की पाटीत काळीभोर करवंदे घेऊन बसलेल्या बायका दिसतात. ‘डोंगरची काळी मैना’ ही तिची ओळख मुंबईकराच्या कानात बसलेली आहे. या बहुतेक शहापूर, कसारा, कर्जत, पालघर भागातल्या आदिवासी भगिनी. पहाटे डोंगरातून तोडलेला माल पाटीत भरून लोकलने येतात आणि पानाच्या द्रोणात मापून विकतात. गिरगाव, लालबाग, परळच्या मंडयांतूनही हा माल हंगामात थोडाफार दिसतो. फळांचा घाऊक बाजार १९९६ साली क्रॉफर्ड मार्केटातून वाशीला गेला, पण करवंदाचा धंदा अजूनही बराचसा पाटीवरच चालतो. कारण उघड आहे. पिकलेले करवंद तोडल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडते, चेपते आणि आंबू लागते. ते वखारीत राहत नाही.

गिऱ्हाईक तीन तऱ्हेचे आहे.

(अ) तोंडात टाकायला घेणारे. गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. सुटीत गावी गेलेला पोरगा करवंदे खाऊन यायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, तरी ही जिभेची सवय सुटलेली नाही.

(आ) सणाला घेणारे. वटपौर्णिमेच्या वाणात आंबा, फणसाचे गरे, जांभूळ, केळे यांच्याबरोबर करवंद लागते. गिरगाव-दादरला त्या दोन दिवसांत मूठभर करवंदांनाही चांगला भाव येतो. मात्र ज्या साली अधिक मासामुळे ही पौर्णिमा जूनअखेरीस जाते, त्या साली करवंद संपत आलेले असते.

(इ) कच्चे फळ घेणारे. हिरवी-लालसर करवंदे लोणच्याला जातात. शिवाय एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. केकवर, आइस्क्रीमवर आणि मिठ्या पानावर जी लालभडक ‘चेरी’ खोचलेली असते, ती पुष्कळदा चेरी नसून बी काढून, रंगवून पाकात मुरवलेले करवंदच असते. म्हणजे मुंबईकर वर्षभर करवंद खातो, फक्त त्याला ते करवंद आहे हे माहीत नसते.

आपल्या दृष्टीने या तिसऱ्या गिऱ्हाइकाला महत्त्व आहे. त्याचे कारण पुढे हिशेबात येईल.

४. झाडाची ओळख

करवंद हे सदाहरित, काटेरी झुडूप आहे. मोकळे वाढू दिले तर दोन ते तीन मीटर उंच होते. पाने जाड, चकचकीत, समोरासमोर. काटे जोडीने येतात, टणक व अणकुचीदार असतात, काही टोकाशी दुभंगलेले असतात. जानेवारीपासून पुढे पांढरी, चांदणीसारखी, जुईची आठवण करून देणारी सुवासिक फुले येतात. एप्रिलमध्ये फळ भरते. मे ते जूनच्या सुरुवातीपर्यंत ते लाल, मग जांभळे आणि शेवटी काळे होते.

मुरमाड, हलकी, दगडगोट्याची जमीन याला चालते. पावसाचा ताण सोसते. एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे मुळाशी साचलेले पाणी. जिथे पाटाच्या पाण्याने जमीन पाणथळ झाली आहे तिथे करवंद लावू नये.

५. बियांचे रोप आणि जातीचे रोप

हा मुद्दा नीट लक्षात घ्यावा, कारण सारी फसगत इथेच होते.

लहानपणी करवंद अर्धे चावून “कोंबडा की कोंबडी?” असा खेळ आपण सगळ्यांनीच खेळला असेल. आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी. हा पोरखेळ असला तरी त्यात शेतीशास्त्राचा एक धडा आहे. एकाच डोंगरावरच्या दोन जाळ्यांची फळे आतून वेगळी निघतात, एक गोड तर दुसरी आंबटढाण, एक मोठी तर एक बोराच्या बीएवढी. असे होते कारण रानातले प्रत्येक झुडूप बियांपासून उगवलेले असते आणि बियांच्या रोपात आईबापांचे गुण मिसळून येतात.

उसात आपण कांडी लावतो, म्हणून जे बेणे तेच पीक. करवंदात कांडीचे काम गुटी किंवा कलम करते. जातिवंत झाडाची गुटी वा कलम लावले तरच त्या जातीचे गुण येतात. ‘कोकण बोल्ड’च्या फळातले बी पेरून आलेल्या रोपाला ‘कोकण बोल्ड’ म्हणणे म्हणजे घरच्या मिश्र वाणाला नामांकित बेणे म्हणण्यासारखे आहे. रोप घेताना खालच्या अंगाला कलमाचा सांधा किंवा गुटीची खूण पाहून घ्यावी आणि पावतीवर जातीचे नाव व ‘कलम’ किंवा ‘गुटी’ असा शब्द लिहून मागावा.

६. ‘कोकण बोल्ड’चे गुणधर्म

दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखले जाते. या विद्यापीठाने निवड पद्धतीने करवंदाची ‘कोकण बोल्ड’ ही जात २००४ साली प्रसारित केली. निवड पद्धत म्हणजे अनेक झाडांतून सरस झाड हेरायचे, त्याच्या फळांची काही वर्षे तपासणी करायची आणि त्याचीच कलमे वाढवायची.

जमेच्या बाजू :

(१) फळ मोठे. नावातच ‘बोल्ड’ आहे. डोंगरी करवंदाशेजारी ठेवले तर फरक लांबून कळतो.

(२) फळ मोठे असल्याने गराचे प्रमाण चांगले. लोणचे, मुरंबा, सरबत यांना गर लागतो, बिया नव्हेत.

(३) सगळ्या झाडांची फळे सारख्या आकाराची. बी काढण्याचे आणि भरण्याचे काम सोपे होते. ‘चेरी’वाल्या गिऱ्हाइकाला सारखेपणाच हवा असतो.

(४) कलमे साधारण तिसऱ्या वर्षापासून फळू लागतात.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगितल्या पाहिजेत :

(१) ही जात कोकणच्या हवेत निवडलेली आहे. देशावरच्या कोरड्या हवेत आणि आपल्या काळ्या रानात ती तितकीच फळेल असे गृहीत धरू नये. प्रथम चार-पाच कलमे लावून तीन वर्षे पाहावे.

(२) काटे आहेतच. जात सुधारली म्हणून काटा गेलेला नाही. लहान मुले खेळतात त्या अंगणाच्या वाटेवर लावू नये.

(३) पिकलेल्या फळाची टिकवण कमी. मोठे फळ म्हणजे जास्त टिकणारे फळ नव्हे.

(४) चवीला डोंगरी करवंदाचा रानटी सुवास ज्याला हवा आहे, त्याला मोठ्या फळात तो उणा वाटण्याचा संभव आहे. नुसते खायचे असेल तर एक झाड डोंगरी करवंदाचेही ठेवावे.

उत्तरेकडे पंतनगर कृषी विद्यापीठाने २००७ साली ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ व ‘पंत सुवर्णा’ या जाती काढल्या. पहिल्या दोघींची कच्ची फळे पांढरट अंगावर गुलाबी झाक असलेली, तर तिसरीची हिरव्यावर तपकिरी झाकेची असतात. त्या मुख्यतः लोणचे व पाकातल्या फळासाठी चांगल्या. परसात एखादे झाड हौसेने लावायला हरकत नाही.

७. लागवड कशी करावी

परसासाठी : दोन झाडांत अडीच ते तीन मीटर अंतर ठेवावे. उन्हाळ्यात ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन तापू द्यावेत. भरताना पोयटा माती, दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत किंवा कारखान्याचे प्रेसमड कंपोस्ट घालावे. कच्चे, गरम प्रेसमड घालू नये. पहिला चांगला पाऊस झाला की कलम लावावे. सांधा मातीच्या वर राहील हे पाहावे. सांध्याखालून फुटणारे कोंब वेळोवेळी काढावेत, नाहीतर दोन वर्षांनी कलम मरून खुंटच वाढलेला दिसेल.

कुंपणासाठी : इथे महागड्या कलमांची गरज नाही. बियांची रोपे घ्यावीत. पूर्ण पिकलेल्या फळांचे बी काढून, धुऊन, लगेच जूनमध्ये पिशवीत पेरावे. करवंदाचे बी ठेवून ठेवले तर त्याची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून गेल्या वर्षीचे बी वापरू नये. वर्षाची रोपे पुढच्या पावसाळ्यात चर खणून ६० सेंटिमीटर ते एक मीटर अंतरावर लावावीत.

किती रोपे लागतील? चौरस आकाराच्या एका एकराचा घेर साधारण २५४ मीटर भरतो. एक मीटर अंतराने सुमारे २५४, तर ६० सेंटिमीटर अंतराने सुमारे ४२३ रोपे लागतील. मर धरून दहा टक्के जास्त तयार करावीत. घराभोवतीचे दोन गुंठे असतील तर घेर साधारण ५७ मीटर, म्हणजे ६० सेंटिमीटरने ९५ रोपे.

पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून राखण करावी आणि उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी द्यावे. पुढे पाण्याचे लाड नकोत. कुंपण दाट व्हायला पहिल्या वर्षी शेंडा खुडावा. छाटणी फळ संपल्यावर, पावसाळ्याच्या तोंडी करावी. हिवाळ्यात छाटणी केली तर फुलोरा हाती राहत नाही.

एक खुलासा करतो. करवंदाचे दाट कुंपण ढोरे, शेळ्या आणि उपटसुंभ वाटसरू अडवते. रानडुकराला ते पूर्णपणे अडवील असे आम्ही म्हणणार नाही.

८. उसाशेजारी घ्यायची काळजी

(१) ऊस आणि कुंपण यांत किमान अडीच-तीन मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा. बैलगाडी, ट्रॅक्टर फिरायला तो लागतोच.

(२) छाटलेल्या काटेरी फांद्या वाटेवर टाकू नयेत. ट्रॅक्टरच्या टायरला आणि अनवाणी पायाला दोन्हींना त्या सारख्याच बाधतात. तोडणी कामगारांची पोरे बांधावर खेळत असतात, याचे भान ठेवावे.

(३) उसात तणासाठी टू-फोर-डी मारताना वाऱ्याची दिशा पाहावी. हे औषध रुंद पानाच्या झाडांना मारते. करवंद त्यातच मोडते.

(४) पाचट पेटवू नये, हे आपण वारंवार सांगतो. कुंपण असेल तर एक कारण वाढले. एका सकाळच्या जाळाने चार वर्षांचे कुंपण करपते.

(५) पाटाचे पाणी कुंपणाच्या चरात साचू देऊ नये.

(६) करवंदाच्या चिकाने हात चिकट होतात. तो डोळ्यात जाऊ देऊ नये. हाताला गोडेतेल चोळून मग साबणाने धुतले की चीक निघतो.

(७) कण्हेर व बिट्टी ही याच कुळातली झाडे विषारी आहेत. कुंपणात करवंदाशेजारी बिट्टी लावू नये. पोरे फळाफळांत फरक करीत नाहीत.

९. तोडणी व घरगुती उपयोग

लोणच्यासाठी फळ पूर्ण भरलेले पण कडक, हिरवट-लाल असताना तोडावे. जेलीसाठीही थोडे कच्चेच घ्यावे, कारण कच्च्या करवंदात पेक्टिन जास्त असते आणि पेक्टिनमुळेच जेली बसते. खाण्यासाठी व सरबतासाठी पूर्ण काळे झालेले घ्यावे. तोडणी सकाळी, देठासह करावी आणि वळवाचा पाऊस येण्याआधी उरकावी. वळवाने भिजलेले पिके फळ झपाट्याने सडते.

मुरंबा आणि सरबत करताना आपल्याला ब्रिक्सची ओळख आहे याचा फायदा होतो. तोडणीच्या वेळी उसाच्या रसाचा ब्रिक्स १८ ते २२ असतो, तो रस उघडा ठेवला तर काही तासांत आंबतो. कारखान्यात तोच रस आटवून ६० ते ६५ ब्रिक्सचा पाक होतो, तेव्हा तो पुष्कळ धीर धरतो. घरच्या पातेल्यातही न्याय तोच. पाक पातळ राहिला की बुरशी धरते. ६५ च्या वर गेला की जंतूंना लागणारे मोकळे पाणी उरत नाही आणि पदार्थ टिकतो. आपल्या गटातल्या शेतकी सहायकाजवळचा हात-रिफ्रॅक्टोमीटर उसासाठी असतो, पण गार केलेल्या पाकाचा एक थेंब त्यावर पाहायला काही हरकत नाही. मात्र त्याची मोजपट्टी किती ब्रिक्सपर्यंत आहे ते आधी पाहून घ्यावे.

साधे माप असे. करवंदे धुऊन, चिरून, बी काढून, बुडतील एवढ्या पाण्यात मऊ शिजवावीत. गर गाळून घ्यावा. जितका गर तितकी साखर घालून मंद आचेवर आटवावे. उलथन्यावरून थेंब न पडता पातळ पडद्यासारखा लोंबू लागला की उतरवावे. सभासदांना मिळणाऱ्या साखरेचा याहून चांगला विनियोग कोणता?

पाकातली ‘चेरी’ करायचे काम मात्र वेगळे आहे. त्यात फळ मिठाच्या पाण्यात व औषधात कडक व पांढरे करून घेतात, धुतात, खाण्याचा रंग देतात आणि पाकाचा ब्रिक्स रोज थोडा थोडा चढवत ७० च्या वर नेतात. एकदम दाट पाकात टाकले तर फळ सुरकुतते. औषधाची व रंगाची मात्रा कायद्याने ठरलेली असते, म्हणून हे काम शिकल्याशिवाय घरी करू नये.

आहाराच्या दृष्टीने करवंद चांगले फळ आहे, पण ‘क’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत ब्लॅक करंटची बरोबरी ते करीत नाही. ती उणीव भरायची असेल तर परसात शेजारी एक आवळा लावावा. आवळ्यापुढे ब्लॅक करंटही फिके पडते.

१०. हिशेब : मुंबईचा भरवसा किती धरावा?

मोकळ्या वाढलेल्या भरात आलेल्या झाडाला तीन ते पाच किलो फळ धरण्याची पद्धत आहे. परसात पाच झाडे असतील तर १५ ते २५ किलो. घरचे लोणचे, सरबत आणि शेजारपाजार यात ते सहज जिरते. छाटलेल्या कुंपणाला झाडामागे फळ याहून कमीच येणार.

आता कोणी म्हणेल, दादरला एवढी मागणी आहे तर एकरभर लावून माल पाठवू. इथेच थांबून विचार करावा. साताऱ्याहून मुंबई अडीचशे किलोमीटर, कोल्हापूरहून पावणेचारशेच्या घरात. पिकले फळ दोन-तीन दिवस टिकणारे. तोडणीचा दिवस, गाडीची रात्र, वाशीचा सौदा आणि मग दादरची पाटी, यात फळाचे आयुष्य संपते. शिवाय काट्यांतून एकेक फळ वेचायची मजुरी उसाच्या तोडणीसारखी टनावर बसत नाही. कसाऱ्याची बाई सकाळी तोडून दुपारी दादरला विकते, तिच्याशी आपली या मालात बरोबरी होणार नाही. आणि होऊही नये. वर्षातले ते दीड महिने तिच्या घरी रोकड येण्याचे आहेत. पाणी, जमीन, कारखाना हाताशी असलेल्या आपण तिच्या पाटीतले गिऱ्हाईक ओढायला जाणे शोभणारे नाही.

आपली वाट कच्च्या फळाची व प्रक्रियेची आहे. कच्चे फळ पिक्यापेक्षा बरेच जास्त दिवस तग धरते. लोणचे, पाक व सरबत यांना तर तारखेची घाई नाही. हे काम गावातल्या भगिनींच्या गटाने हाती घ्यावे असे आम्हांला वाटते. गिरगावातच १९५९ च्या मार्च महिन्यात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन चाळीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच लिज्जतचा पसारा उभा राहिला. त्या सात जणींजवळ ना जमीन होती, ना साखर. आपल्याजवळ दोन्ही आहेत. मात्र विक्रीसाठी माल करायचा तर अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी, स्वच्छ जागा आणि बाटलीवर खरी माहिती या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळाव्यात. बाटलीवर ‘करवंद’ असेच लिहावे. ‘ब्लॅक करंट’ लिहून चार पैसे जास्त मिळवणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक होईल आणि आपल्या फळाचा अपमानही.

११. मुंबईकर नातेवाइकांसाठी

गिरगाव-लालबागच्या गॅलरीत तुळशीच्या जोडीला करवंद येईल का, असेही विचारले जाते. येईल, पण सहा तास ऊन पाहिजे. अर्धे पिंप किंवा मोठी कुंडी घ्यावी, तळाला भोके व विटांचे तुकडे घालावेत, माती, वाळू व शेणखत सारखे घ्यावे. बियांचे रोप न लावता कलम लावावे, म्हणजे फळाला फार वर्षे थांबावे लागत नाही. दरवर्षी फळानंतर हलकी छाटणी करून झाड कंबरेएवढे ठेवावे. पावसाळ्यात कुंडीत पाणी तुंबू देऊ नये. फळ पसाभरच मिळेल, पण फुलांचा वास मजल्यावर दरवळेल. काटे जाण्यायेण्याच्या बाजूला नकोत.

१२. शेवटी दोन शब्द

आपल्या बांधांवर आणि माळांवर पूर्वी करवंदाच्या जाळ्या आपोआप होत्या. जमीन सपाट करताना, बांध कोरताना आणि वणव्यात त्या गेल्या. आज तारेच्या कुंपणाला आपण पैसे मोजतो आणि फुकटचे कुंपण मुळासकट उपटतो. म्हणून आमचे सांगणे चार ओळींत असे :

जिथे जुनी जाळी शिल्लक आहे ती तोडू नका. कुंपणाला बियांची रोपे लावा. परसात ‘कोकण बोल्ड’ची चार-पाच कलमे पावतीनिशी विद्यापीठाकडून किंवा परवानाधारक रोपवाटिकेतून आणून तीन वर्षे पारखा. त्यानंतर मोठ्या लागवडीचा विचार करा.

ज्या सभासदांना कलमे हवी असतील त्यांनी आपली मागणी मेअखेर गट कार्यालयात नोंदवावी. एकत्र मागणीने आणल्यास वाहतूक स्वस्त पडते आणि जातीची खात्रीही करून घेता येते. सहकाराचा फायदा उसापुरताच ठेवायचा असे कुठे आहे?



— शेतकी विभाग